पावसाआधीची पालवी

आमच्या अंगणात एक कडुनिंब आहे. माझ्या जन्माआधी अब्बांनी लावलेला. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू गुढीसाठी त्याची डहाळी न्यायला येतात. रमजानमध्ये त्याच झाडाखाली आम्ही खजूर हातात घेऊन संध्याकाळच्या अजानची वाट पाहतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावात यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

पाडवा आणि रमजान, दोन्हींचा हिशेब चंद्रावर. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. मराठी पंचांग मधूनमधून अधिक महिना घालून ही तूट भरून काढतं, म्हणून पाडवा चैत्रपालवीची सोबत सोडत नाही. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येतो. माझ्या वयाच्या माणसानं थंडीतले रोजे पाहिले, पावसातले पाहिले आणि वैशाखवणव्यातलेही पाहिले.

१९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. मी सोळा वर्षांचा. दुपारी घशाला कोरड पडली की या झाडाखाली येऊन पडायचो. शेतं फाटलेली, विहिरी तळाला गेलेल्या आणि कडुनिंब हिरवागार! मी अब्बांना विचारलं, "पाऊस नाही, पाणी नाही, मग हा हिरवा कसा?" अब्बा सुतारकाम करायचे, लाकडाशी त्यांची जन्माची ओळख. ते म्हणाले, "इसने फागुनमेंच सहरी कर ली, बेटा."

सहरी म्हणजे रोजा धरण्याआधी पहाटे केलेलं जेवण. त्या वेळी मी हसलो होतो. पुढे झाडांविषयी वाचलं, तेव्हा अब्बांचं बोलणं समजलं.

थंड मुलुखात झाडं थंडीमुळे पानं गाळतात. आपल्याकडची पानगळ मुख्यतः पाण्यासाठी असते. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाण्याची सतत वाफ होत असते. जमीन सुकू लागली की हा खर्च झाडाला परवडत नाही. पान आपोआप वाळून पडतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात झाडच देठाशी एक नाजूक थर तयार करतं आणि पान तिथून सुटतं. त्याआधी पानातलं बरंचसं पोषण ते फांद्यांत ओढून घेतं. मग खर्च थांबतो. खोल मुळांनी आणलेलं पाणी खोडात, फांद्यांत टिकतं. त्या शिलकीवर कळ्या फुटतात. पळस फुलतो, पिंपळाला तांबूस पालवी येते, कडुनिंब मोहरतो. हे सगळं मृगाचा पाऊस दोन-तीन महिने दूर असताना! पाऊस येईल तेव्हा पालवी फोडू, असं म्हणत ही झाडं थांबत नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही एका वर्षी ते उपयोगी पडलं नाही.

२०२१ साली १३ एप्रिलला पाडवा होता आणि १४ एप्रिलला पहिला रोजा. करोनाची दुसरी लाट होती. अब्बा रुग्णालयात, ऑक्सिजनवर. काकू आल्या, पण फाटकाबाहेरच थांबल्या. मी डहाळी तोडून कठड्यावर ठेवली आणि मागे सरलो, मग त्यांनी ती उचलली. "अब्बा कसे आहेत रे?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

सातव्या रोज्याला अब्बा गेले. मातीला आम्ही चौघंच होतो. संध्याकाळी घरी आलो, तर कडुनिंबाला मोहर आलेला आणि अंगणभर त्याचा गोड वास. ज्यानं लावलं तो माणूस गेला आणि हे झाड फुलतंय! मी कवी, वसंतावर पुष्कळ लिहिलं. पण त्या संध्याकाळी मला त्या फुलांचा राग आला.

अम्मा मात्र उठली. तिनं झाडाखाली पडलेली फुलं झाडली, चटई अंथरली, खजुरांची ताटली ठेवली. म्हणाली, "अजान हो गई. रोजा खोल." तिच्या डोळ्यांना धार होती, हात मात्र थांबले नव्हते. तेव्हा मला अब्बांची सहरी आठवली. साठ वर्षांच्या संसारात, रोजच्या नमाजात, शेजारपाजाऱ्यांत अम्मानं जे साठवलं होतं, त्यावर ती त्या संध्याकाळी उभी होती. दुःखाच्या दिवशी श्रद्धा नव्यानं मिळवता येत नाही. ती आधीच खोडात असावी लागते.

पुढे २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पाडवा-रमजानचा मेळ एका महिन्यानं बदलला. २०२५ साली ३० मार्चला पाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. या वेळी काकू थेट अंगणात आल्या आणि त्यांनी स्वतः डहाळी तोडली. दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा खायला आल्या तेव्हा अम्माजवळ बसून म्हणाल्या, "यंदा पालवी चांगली आलीय."

अम्मा म्हणाली, "हां. उनके हाथ का झाड है."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)