शस्त्रक्रियागृहातील दुसरे हात

घरातील वडीलधाऱ्यांचा गुडघा बदलायचे ठरले की चौकशी दोनच गोष्टींची होते: शल्यविशारद कोण आणि सांधा कोणत्या कंपनीचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत ठरवून दिली, तेव्हापासून दराची चिंता काहीशी हलकी झाली. परंतु शल्यविशारदाच्या हाती उपकरणे देणारी परिचारिका कोण आणि ती हे काम कोठे शिकली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गल्ल्यावर कोण बसतो हे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या व्यापारी कुटुंबांनीही तो विचारू नये, हे नवल आहे.

अस्थिशस्त्रक्रियेचे सुतारकामाशी जवळचे नाते आहे. करवत, ड्रिल, हातोडी, मापाचे साचे अशा उपकरणांचे अनेक ट्रे मांडून ठेवावे लागतात आणि कोणते केव्हा लागणार हे मागणी येण्यापूर्वीच ओळखावे लागते. मांडीच्या हाडावर बसणारा भाग बहुधा डाव्या व उजव्या पायासाठी निराळा असतो. म्हणून खोक्यावरील बाजू व माप मोठ्याने वाचून, शल्यविशारदाचा होकार घेऊनच ते उघडायचे. सांधा पक्का करणाऱ्या बोन सिमेंटची भुकटी आणि द्रव एकत्र केले की ते काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते. खोली उष्ण असेल तर अधिकच लवकर. मांडीवर रक्त रोखणारा पट्टा आवळण्यापूर्वी प्रतिजैविक शिरेतून गेलेले असले पाहिजे, कारण पट्टा आवळल्यावर ते गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही. पट्टा किती वेळ आवळलेला आहे, याची आठवणही याच सहायकांनी करून द्यायची असते.

आणि मग मोजणी. गॉज, सुया, उपकरणे आरंभी मोजायची, जखम शिवण्यापूर्वी मोजायची, शेवटी पुन्हा मोजायची; तीही दोघांनी मिळून. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करायचे नाही, हा आपल्याकडील जुना रिवाज येथे अक्षरशः पाळला जातो. साधू-साध्वी वस्त्र-पात्रांचे पडिलेहण ज्या निष्ठेने करतात, त्याच जातीची ही दक्षता आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी प्रसिद्ध केली. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू यांची खातरजमा झाल्यावाचून पहिला छेद घ्यायचा नाही, हा त्यातला एक नियम. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीचा कागद फुकट मिळतो. ज्येष्ठ शल्यविशारदाला ‘थांबा, बाजू पुन्हा पाहू’ असे सांगण्याचे धैर्य मात्र शिक्षणानेच येते.

हे शिक्षण आपल्याकडे उपलब्ध आहे. नोंदणीकृत परिचारिकेसाठी भारतीय परिचर्या परिषदेची शस्त्रक्रियागृह-परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे. बारावी विज्ञाननंतर शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाची पदवीही घेता येते. २०२१ च्या संलग्न आरोग्य-व्यवसाय आयोग कायद्याने या तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली. तरीही अनेक लहान रुग्णालयांत परिचारिका हे काम पाहून पाहूनच शिकते, आणि नव्या सांध्याचे ट्रे कसे मांडावेत हे तिला कंपनीचा प्रतिनिधी सांगतो. माल विकणाऱ्यानेच त्याच्या वापराचे शिक्षण द्यावे, ही व्यवस्था व्यापाऱ्याला तरी पटू नये.

समाजाचे न्यास रुग्णालयांना यंत्रे उदारपणे देतात. त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. माणूस शिकवण्यावर पाटी लावता येत नाही, म्हणूनच कदाचित तिकडे देणगी कमी वळते. वास्तविक चार दानांपैकी औषधदान आणि ज्ञानदान येथे एकाच खर्चात घडतात. अडचण व्यवहाराची आहे. तालुक्याच्या गावातील परिचारिका वर्षभरासाठी शहरात शिकायला गेली तर तिचा पगार थांबतो आणि रुग्णालयाला तिच्या जागी दुसरी व्यक्ती नेमावी लागते. त्यामुळे अशी शिष्यवृत्ती ठरवताना न्यासाने केवळ शुल्क धरून भागत नाही. त्या वर्षाचा तिचा घरखर्च आणि परतल्यावर त्याच रुग्णालयात किती वर्षे काम करायचे याचा लेखी करार, दोन्ही आधीच ठरवावे लागतात.