पवनचक्की ढग पळवत नाही. मग काय करते?

2000 नंतरची तीन-चार वर्षे माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्याला कोरडी गेली. त्याच सुमारास साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, सांगलीत ढालगावच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहत होत्या. दोन्ही गोष्टी लोकांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी घडल्या आणि निष्कर्ष निघायला वेळ लागला नाही: हे पंखे आलेले ढग हाकलून लावतात. पुढे धुळ्याच्या साक्री तालुक्यातही हेच ऐकू आले. आजही दुष्काळी गावात पाऊस लांबला की पारावर हा विषय निघतो. वाऱ्याच्या विजेबद्दलच्या गैरसमजांत हा सर्वांत चिवट, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

“पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो”

घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो. पवनचक्की वारा खाऊन वीज देते. ढग ढकलायला तिच्याकडे मोटारच नाही. उलट पात्यांवरून गेलेला वारा मंदावतो, कारण त्यातली काही ऊर्जा यंत्राने काढून घेतलेली असते. या काढून घेण्यालाही मर्यादा आहे. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1919 मध्ये गणिताने दाखवले, की वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. प्रत्यक्षात याहून कमीच हाती लागते.

आता उंची पाहा. पवनचक्कीच्या पात्याचे टोक जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटरवर पोचते. मोसमी वाऱ्याचा बाष्पाने भरलेला थर काही किलोमीटर जाड असतो. पाऊस ठरतो तो समुद्रावरून येणाऱ्या बाष्पावर, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि सह्याद्रीच्या भिंतीवर. या भिंतीवर चढताना ढग रिकामे होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभरएक किलोमीटरवर माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. माण-खटावचा दुष्काळ ही पर्जन्यछायेची देणगी आहे. 1876 ते 78 चा दुष्काळ पडला किंवा 1972 चा पडला, तेव्हा त्या पठारांवर एकही पाते फिरत नव्हते.

आणि पंखे खरेच ढग पळवत असतील, तर 2005, 2019 आणि 2021 मध्ये सांगली पाण्यात कशी गेली? त्या पुरांमागे कृष्णा आणि कोयनेच्या पाणलोटात कोसळलेला पाऊस होता. वनकुसवड्याच्या पवनचक्क्या याच पाणलोटाच्या कडेवर उभ्या आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रात पात्यांमुळे वरची-खालची हवा घुसळली जाते आणि रात्री जमिनीलगतचे तापमान किंचित वाढते. टेक्सासमधल्या पवनचक्क्यांवरच्या उपग्रह-नोंदींतून हे 2012 मध्ये मांडले गेले. हा परिणाम स्थानिक आहे. त्यावरून तालुक्याचा पाऊस पळाला म्हणणे म्हणजे राईचा पर्वत करणे आहे.

“निम्म्या तर बंदच असतात”

पाते थांबलेले दिसले म्हणजे यंत्र बिघडले असे नाही. वारा साधारण ताशी 12 किलोमीटरच्या खाली असला, तर वीज तयारच होत नाही. ताशी 90 किलोमीटरच्या पुढे गेला, तर यंत्र मोडू नये म्हणून ते आपोआप थांबते. कधी देखभाल चालू असते, कधी ग्रिडला वीज नको असल्याने भार कमी करायला सांगितले जाते. आणि हो, काही जुनी यंत्रे खरोखरच बंद पडलेली असतात. त्याचे कारण पुढे येईल.

यातली कळीची गोष्ट अशी, की वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणून जागेची निवड हाच या धंद्याचा प्राण आहे. शहरातल्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवून वीजबिल शून्य करण्याची जाहिरात कुणी दाखवली, तर हा घनाचा नियम आठवावा. इमारतींच्या गर्दीत वारा मंद आणि भोवऱ्यांनी भरलेला असतो. तेवढ्या पैशात सौर पॅनेल घ्यावे.

“वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून ती वीज बिनकामाची”

या आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे, आणि हा अर्धा भाग पवनऊर्जेचे गोडवे गाणारे लपवतात. 2 मेगावॅटचे यंत्र वर्षभर 2 मेगावॅट देत नाही. क्षमतेच्या 20 टक्के वापर धरला, तर वर्षाला 35 लाख युनिट होतात. महिन्याला 100 युनिट वापरणारी सुमारे 2,900 घरे त्यात चालतील. आकडा वाईट नाही, पण फलकावरच्या 2 मेगावॅटवरून वाटते त्याच्या तो एक पंचमांश आहे. भारताची पवनऊर्जा क्षमता 2025 मध्ये 50 हजार मेगावॅटपर्यंत पोचली, महाराष्ट्राची 5 हजारांवर आहे. तरी देशाच्या एकूण विजेत वाऱ्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच आहे, त्याचे एक मोठे कारण हेच.

त्यातही आपल्याकडे वारा हंगामी. वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा मे ते सप्टेंबर या महिन्यांत मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा शेतीपंप आणि वातानुकूलन यंत्रे एकदम वीज ओढतात, तेव्हा सातारच्या पठारावर वारा फारशी मदत करत नाही. कोळशाची सगळी केंद्रे बंद करून महाराष्ट्र वाऱ्यावर चालेल, असे म्हणणाऱ्याने एकदा मार्चमधली विजेची मागणी पाहावी.

पण अनियमित आणि बिनकामाची यांत फरक आहे. डेन्मार्क आपल्या विजेच्या निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून मिळवतो. वारा पडला की नॉर्वे आणि स्वीडनमधली जलविद्युत त्याच्या मदतीला येते. आपल्याकडेही अशी जोडी आहे, तीही एकाच डोंगरात. वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला आहे. कोयनेची जलविद्युत क्षमता 1,960 मेगावॅट, पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मिती करण्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाण्याची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा असल्याने पावसाळ्यात वाऱ्याने दिलेले प्रत्येक युनिट कोयनेच्या कोट्यातले पाणी वाचवू शकते, आणि ते पाणी उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, मागणी टोकाला असताना, काही मिनिटांत वीज देऊ शकते. शिवाय आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असताना सौरऊर्जा घटते, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. वारा एकटा पुरा पडत नाही. पाण्याला आणि उन्हाला जोडून तो उपयोगी आहे.

“पक्षी मरतात, हा पर्यावरणवाल्यांचा बागुलबुवा”

इथे गैरसमज उलट्या बाजूचा आहे. पाती किती हळू फिरतात, पक्ष्यांना दिसणार नाहीत का, असे पुष्कळांना वाटते. 80 मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला 15 फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी 225 किलोमीटरच्या वेगाने जात असते. जमिनीकडे नजर लावून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला ते टाळता येतेच असे नाही.

याचा सर्वांत नेटका पुरावा आपल्या चाळकेवाडीनेच जगाला दिला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर, तसेच अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथल्या पठारावर केलेला अभ्यास 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी कमी, म्हणून गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढलेली. बरे झाले म्हणावे, तर ते सरडे कमी पुष्ट होते, माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते, त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला होता. वरचा एक शिकारी घटला आणि खालची सगळी घडी बदलली. म्हणजे पवनचक्कीचा परिणाम मेलेल्या पक्ष्यांच्या मोजणीत संपत नाही. कास पठाराच्या शेजारच्या, सह्याद्रीतल्या जागतिक वारशाला लागून असलेल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, तर हे विसरून चालणार नाही.

पात्यांइतकीच, काही पक्ष्यांसाठी पात्यांपेक्षाही, घातक असते ती वीज वाहून नेणारी तार. माळढोकाचे उदाहरण घ्या. जेमतेम दीडशेच्या आत उरलेला हा पक्षी जड आहे आणि त्याला समोरचे नीट दिसत नाही. जैसलमेरच्या वाळवंटात उच्चदाब तारांना धडकून माळढोक मेले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि 2024 मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. हे वाद सौरऊर्जेच्या तारांनाही तितकेच लागू आहेत.

“बनवायलाच इतकी ऊर्जा लागते, की फायदा उरत नाही”

हे साफ चुकीचे. पोलाद, काँक्रीट, वाहतूक सगळे धरूनही चांगल्या जागेवरची पवनचक्की ही ऊर्जा साधारण वर्षभराच्या आत परत देते आणि पुढे वीसेक वर्षे चालते. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलच्या 2014 च्या अहवालात प्रत्येक युनिटमागे जन्मापासून मोडीपर्यंतचे कार्बन उत्सर्जन दिले आहे: कोळसा 820 ग्रॅम, जमिनीवरचा वारा 11 ग्रॅम. मोडीत पोलाद आणि तांब्याला भाव मिळतो. काचतंतूची पाती मात्र पुन्हा वितळवता येत नाहीत. ती सिमेंटच्या भट्टीत जाळतात किंवा पुरतात. हा प्रश्न खरा आहे, पण कोळशाच्या राखेच्या ढिगांपुढे लहान आहे.

“गावात पवनचक्की, म्हणजे गावाला वीज”

पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज उपकेंद्रातून ग्रिडमध्ये जाते. गावातला दिवा चालतो तो महावितरणच्या वाहिनीवर आणि रोहित्रावर. त्यामुळे शंभर पवनचक्क्यांच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत रात्री अंधार असणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. अन्यायाची भावना त्यातूनच येते आणि ती समजण्यासारखी आहे. जमिनी स्वस्तात गेल्या, साक्रीत वनजमिनींवरून आदिवासींना लढावे लागले, रस्त्यांसाठी सडे कापले गेले. आणि जिथे जमिनीचा मोठा पैसा फिरतो, तिथे गुंडही येतात. 2024 च्या डिसेंबरात बीडमधल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्याच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी होती, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे.

जुन्या यंत्रांचा मुद्दा इथेच येतो. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीची करवजावट, मिळे. नंतर तो 80 आणि 2017 पासून 40 टक्के झाला. त्या काळात अनेकांनी यंत्रे लावली ती करबचतीसाठी. वीज किती येते याची फिकीर कमी होती. परिणाम असा, की साताऱ्याच्या सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा आज लहान आणि थकलेल्या यंत्रांनी अडवल्या आहेत. ती काढून थोडी, मोठी, उंच यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण 2016 पासून आहे, 2023 मध्ये ते सुधारलेही गेले. काम मात्र रडतखडत चालले आहे. माझ्या मते नव्या पठारावर रस्ता कापायची परवानगी देण्याआधी हे काम झाले पाहिजे.

ज्यांच्या जमिनीवर कंपनीचा माणूस कागद घेऊन येईल, त्यांनी ढगांची काळजी सोडावी आणि कागद वाचावा. करार मराठीत मागावा. भाडे किती वर्षांनी किती वाढणार, उपकेंद्राच्या तारा कुठून जाणार, आणि वीस वर्षांनी यंत्र उतरवून पाया उकरून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च कोण देणार, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.