नव्या नाण्याची प्राप्ती : संग्राहकाचा आनंद, चिंता आणि उत्तरदायित्व
(शिवराईच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठी भाषेने नाण्याकडे केवळ विनिमयाचे साधन म्हणून पाहिलेले नाही. विश्वासू माणसास 'खणखणीत नाणे' म्हटले जाते, एखाद्याची परीक्षा घ्यावयाची झाल्यास त्यास 'वाजवून घेतले' जाते आणि जे कसोटीस उतरत नाही ते 'बद्द वाजते'. नाणे हातात येताच ते खरे की खोटे हा प्रश्न प्रथम उभा राहावा, ही सवय या भाषेत पूर्वीपासून मुरलेली आहे. व्यवहारातील नाण्याविषयीची ही शंका क्षणभराची असते. नाणेसंग्राहकाच्या बाबतीत मात्र ती दीर्घकाळ सोबत करते. नवे नाणे मिळाल्याचा हर्ष आणि ते अस्सल असेल काय, किंमत योग्य दिली काय, ते बाळगणे विधिसंमत आहे काय ही चिंता, या दोन भावना त्याच्या मनात एकाच वेळी नांदत असतात. या दोन्ही भावनांची कारणे मानसशास्त्र, अर्थशास्त्र, धातुविज्ञान, कायदा आणि इतिहास अशा विविध विद्याशाखांत विखुरलेली आहेत. त्यांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. नवीन नाण्याच्या प्राप्तीतून होणाऱ्या आनंदाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. या आनंदासोबत येणाऱ्या चिंतेची कारणे शोधणे.
३. नाण्याच्या खरेदीचा इतिहासाच्या साधनांवर होणारा परिणाम दाखविणे.
४. संग्राहकाने पाळावयाच्या पथ्यांचा निर्देश करणे.

संचय आणि संग्रह :

संचय आणि संग्रह हे शब्द समानार्थी वाटत असले तरी त्यांत महत्त्वाचा भेद आहे. संचयात प्रत्येक नग सारखाच मोलाचा असतो, तर संग्रहात प्रत्येक नगाला स्वतःची जागा असते. डब्यात साठविलेली शंभर नाणी हा संचय होय. तीच नाणी टांकसाळ, वर्ष, छाप व लेख यांनुसार लावली आणि त्यांत कोणते नाणे नाही हे ध्यानात आले की संग्रह सुरू होतो. संग्राहकास जे आहे त्यापेक्षा जे नाही तेच अधिक दिसते. ही रिकामी जागाच त्याच्या उत्कंठेचे मूळ आहे.

भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांचे साधे उदाहरण घेता येईल. वर्षाच्या आकड्याखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असल्यास नाणे मुंबई टांकसाळीचे, तारा असल्यास हैदराबादचे, ठिपका असल्यास नोएडाचे आणि कोणतीही खूण नसल्यास कोलकात्याचे समजले जाते. हे ज्ञान झालेल्या व्यक्तीस एकाच मूल्याची व एकाच वर्षाची चार नाणी चार वेगळ्या वस्तू म्हणून दिसू लागतात. ज्ञान वाढले की उणीवही वाढते, हे संग्रहाचे वैशिष्ट्य होय.

शिवराई : एक प्रातिनिधिक उदाहरण :

महाराष्ट्रातील संग्राहकाच्या दृष्टीने शिवराईचे स्थान अनन्यसाधारण आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई प्रसिद्धीस आली. दोहोंच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे आहेत. फार्सी लेखांच्या नाण्यांचे प्राबल्य असलेल्या काळात हा लेख सार्वभौमत्वाची घोषणाच होता. हेच नाव धारण करणारी तांब्याची नाणी पुढे पेशवाईतही पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या व्यवहारात राहिली. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर रेषा असलेला उत्तरकालीन प्रकार 'दुदांडी' या नावाने ओळखला जातो.

ही नाणी हातोड्याने ठोकून पाडली जात. छापाचा आकार बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे संपूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचितच उमटतो. कोठे 'श्री' निसटलेली असते, तर कोठे 'पति' अर्धवट राहिलेले असते. अक्षरांची वळणे, ऱ्हस्व-दीर्घाचे फरक, ठिपक्यांची वर्तुळे आणि निरनिराळी चिन्हे यांमुळे शिवराईचे असंख्य प्रकार आढळतात. सामान्य प्रतीची शिवराई तुलनेने अल्प किमतीत मिळत असल्याने शिक्षक, विद्यार्थी, कारागीर अशा साध्या उत्पन्नाच्या माणसासही तिचा संग्रह शक्य होतो. उलटपक्षी अस्सल होन अत्यंत दुर्मीळ असून तो बहुतेकांना संग्रहालयात किंवा छायाचित्रातच पाहावयास मिळतो.

प्राप्तीचा आनंद :

नाण्याच्या शोधात ते हाती येण्यापूर्वीचा काळ अधिक उत्कट असतो, असा अनेक संग्राहकांचा अनुभव असतो. मेंदूविज्ञानात यास पूरक निरीक्षण आढळते. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, बक्षिसाची पूर्वसूचना देणारी खूण ओळखीची झाल्यावर मेंदूतील डोपामिन पेशी प्रत्यक्ष बक्षिसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात आणि अपेक्षित बक्षीस न मिळाल्यास त्यांची क्रिया मंदावते. नाण्यांच्या प्रदर्शनात विक्रेत्याने कापडी बटव्याची गाठ सोडावी आणि त्या क्षणी संग्राहकाचा श्वास रोखला जावा, यामागे अपेक्षेचे हेच बळ असावे असे म्हणता येईल.

या आनंदाचा दुसरा घटक स्पर्शाचा आहे. ग्रंथात वाचलेला राजा, टांकसाळीतील अनाम कारागीर आणि बाजारात ते नाणे मोजून देणारा शेतकरी यांच्याशी तळहातावरील तांब्याचा तुकडा थेट नाते जोडतो. तिसरा घटक ओळख पटण्याचा आहे. मळलेल्या पृष्ठभागावर भिंगातून 'रा' आणि 'जा' ही अक्षरे स्पष्ट होत जाणे, हा लहान स्वरूपातील संशोधनाचाच आनंद होय.

चिंतेची कारणे :

अ) अस्सलपणाची शंका : ज्या नाण्याला मागणी, त्याची नक्कल हा बाजाराचा नियम आहे. होनाच्या प्रतिकृती आज स्मृतिचिन्ह म्हणून उघडपणे विकल्या जातात व त्यात गैर काही नाही. प्रतिकृती अस्सल म्हणून विकली गेली की फसवणूक होते. ओतीव नकलेत कडेवर साच्याच्या सांध्याची रेषा, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसू शकतात. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा छाप एकच असू शकतो, परंतु छाप सरकण्याची दिशा, कडेची चीर आणि झीज ही तंतोतंत एकसारखी असणे संशयास्पद ठरते.

सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५ आणि तांब्याची सुमारे ८.९६ असल्याने हवेत व पाण्यात वजन करून धातूची परीक्षा करता येते. येथे एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. तांब्याच्या शिवराईची नक्कल तांब्यातच केलेली असल्यास घनता काहीच सांगू शकत नाही. अशा वेळी अक्षरांच्या वळणाचा अभ्यास आणि शेकडो अस्सल नाणी हाताळलेली बोटे हीच कसोटी उरते. नवशिक्याजवळ नेमकी हीच नसते आणि म्हणून त्याची चिंता अधिक असते.

आ) किमतीविषयीची शंका : लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा अनेकदा वस्तूच्या खऱ्या मोलापेक्षा अधिक रक्कम देऊन बसतो. तेलक्षेत्रांच्या लिलावांच्या संदर्भात १९७१ मध्ये मांडल्या गेलेल्या या विचारास 'विजेत्याचा शाप' म्हणतात. नाण्यांच्या लिलावासही तो लागू पडतो. याउलट, एकदा आपली झालेली वस्तू आपणास अधिक मोलाची वाटू लागते, या प्रवृत्तीस अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये 'स्वामित्व परिणाम' या अर्थाचे नाव दिले. परिणामी संग्राहक घेताना जास्त देतो आणि चूक कळल्यावरही नाणे सोडत नाही.

याच दुबळेपणाचा लाभ भामटे घेतात. जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागितला जात असल्याचे निदर्शनास आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले. आपण अशा व्यवहारांत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने त्या वेळी स्पष्ट केले. घरातील जुन्या नाण्याचे लाखो रुपये येतील या आशेने हातची पुंजी गमावणारा माणूस संग्राहक नसतोही. परंतु त्याला भुलविणारी उत्कंठा तीच असते.

इ) जतनाची शंका : नाणे घरी आले की ते स्वच्छ करण्याचा मोह होतो. चिंच, लिंबू किंवा राख यांनी घासल्यास तांबे उजळते, पण शतकांनी तयार झालेला संरक्षक थर आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. जाणकारांच्या लेखी असे नाणे आपले मोल गमावते. दुसऱ्या बाजूस, क्षारांमुळे तांब्यावर उद्भवणारी फिकट हिरवी भुकटी दुर्लक्षित राहिल्यास नाणे पोखरले जाते. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशव्याही कालांतराने धातूस अपाय करतात. म्हणजे हात लावणे आणि न लावणे या दोहोंतही धोका आहे.

ई) कायद्याविषयीची शंका : पुरावशेष आणि कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेषाच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. जमिनीत सापडलेल्या निधीस भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे शोधकावर बंधनकारक आहे.

हरवलेला संदर्भ : जोगळटेंभीचा धडा :

वरील सर्व चिंता संग्राहकाच्या स्वतःच्या हिताच्या आहेत. त्यांपलीकडील एक प्रश्न इतिहासाच्या हिताचा आहे आणि तोच सर्वांत गंभीर आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या सत्तेवर गौतमीपुत्राने मिळविलेल्या विजयाचा हा धातूत कोरलेला पुरावा ठरला. परंतु हा निष्कर्ष एकट्या नाण्यावरून इतक्या खात्रीने काढता आला नसता. किती नाणी होती, त्यांपैकी किती पुन्हा छापलेली होती आणि ती कोठे होती, हे एकत्रित ठाऊक असल्यानेच त्या निधीस इतिहासात वजन प्राप्त झाले. तीच नाणी गुपचूप वाटली जाऊन निरनिराळ्या बटव्यांत गेली असती तर धातू उरला असता आणि साक्ष संपली असती.

येथे संग्राहकापुढे खरा पेच उभा राहतो. ठावठिकाणा न सांगता विकले जाणारे नाणे घ्यावे, तर अशा लपवाछपवीस उत्तेजन मिळते. न घ्यावे, तर मोडीच्या भावाने ते मुशीत जाण्याची भीती असते. १८७८ च्या कायद्यात शासनाने निधी संपादन केल्यास द्यावयाची रक्कम धातूचे मूल्य आणि त्याचा एक पंचमांश अशी ठरविलेली आहे. तांब्याच्या नाण्यांच्या बाबतीत ही रक्कम बाजारातील किमतीच्या तुलनेत नगण्य ठरू शकते. त्यामुळे शोधकास कळविण्यापेक्षा लपविणे फायद्याचे वाटते. हा दोष केवळ व्यक्तीच्या नीतीचा नसून व्यवस्थेचाही आहे.

या पेचास सोपे उत्तर नाही. मात्र मुशीतून वाचविण्याचे कारण पुढे करून प्रत्येक खरेदीचे समर्थन करता येत नाही. जुन्या संग्रहातून अथवा परवानाधारक विक्रेत्याकडून नोंदीसह आलेले नाणे आणि नुकतेच मातीतून निघालेले, माती चिकटलेले नाण्यांचे गाठोडे यांत संग्राहकाने भेद केलाच पाहिजे. दुसऱ्या प्रकारात खरेदी न करता निधीची खबर योग्य ठिकाणी पोचविणे हेच इतिहासाच्या हिताचे ठरते.

काही पथ्ये :

१. नाण्याआधी ग्रंथ घ्यावा. नाशिकजवळील अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे २००४ मध्ये सुरू झालेले चलन संग्रहालय यांसारख्या ठिकाणी अस्सल नाणी पाहून दृष्टी तयार करावी.
२. पावतीशिवाय मौल्यवान नाणे घेऊ नये.
३. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, खरेदीचा दिनांक, विक्रेता आणि ज्ञात प्राप्तिस्थान यांची नोंद ठेवावी.
४. लिलावापूर्वी कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि ती ओलांडू नये.
५. नाणे कडेने धरावे, ते घासू नये आणि कोरड्या जागी ठेवावे.
६. खोटे निघालेले नाणे पुन्हा बाजारात न सोडता तशी नोंद करून अभ्यासासाठी ठेवावे.

निष्कर्ष :

नव्या नाण्याच्या प्राप्तीतील आनंद आणि चिंता या परस्परविरोधी भावना भासत असल्या तरी त्यांचा उगम एकच आहे. ज्या वस्तूविषयी आस्था असते, तिच्याचविषयी धास्ती वाटते. चिंता पूर्णपणे नाहीशी झालेला संग्राहक एकतर सर्वज्ञ असतो किंवा बेफिकीर असतो, आणि पहिली शक्यता फारशी आढळत नाही. म्हणून चिंता टाळण्याऐवजी तिला अभ्यासाकडे व नोंदीकडे वळविणे इष्ट होय. संग्राहक हा नाण्याचा अखेरचा धनी नसतो. त्याच्या पश्चात ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार असते. त्या वेळी नाण्यासोबत त्याची माहिती लिहिलेली एक चिठ्ठी असेल तर संग्रह इतिहासाचे साधन ठरेल, आणि ती नसेल तर झिजलेली शिवराई पुन्हा तांब्याच्या भावाने तोलली जाईल.