उजव्या पायात गिअर
जुनी बुलेट पहिल्यांदा चालवणाऱ्याचे पाय हमखास गोंधळतात. गिअर उजव्या पायाशी, मागचा ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. सवयीने उजवा पाय दाबला, की ब्रेक लागण्याऐवजी वरचा गिअर पडतो. त्यामुळे रहदारीत शिरण्याआधी मोकळ्या मैदानात थांबण्याचाच सराव करावा, तोही पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवून. अमेरिकेने १९७४ मध्ये डावीकडचा गिअर सक्तीचा केला; मद्रासच्या कारखान्यात उजव्या गिअरच्या बुलेट त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. या गाडीची एक सोय आजच्या गाड्यांतही हवी होती : न्यूट्रल फाइंडर. क्लच धरून हा छोटा दांडा टाचेने दाबला, की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला येते. पहिल्यातून येत नाही.