पावडरचा डबा सोडून कच्चं दूध प्यावं का? भरतीच्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हिशेब

सध्या तालुक्यातल्या प्रत्येक गावात पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात. १६०० मीटर पळायचं, गोळा टाकायचा, संध्याकाळी जिममध्ये जायचं. जिममध्ये गेलं की आठवड्याभरात कोणीतरी सांगतोच, "भावा, प्रोटीन पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही." मग दोन-अडीच हजाराचा डबा येतो. गंमत अशी की बऱ्याच घरांत बाप सकाळ-संध्याकाळ डेअरीला आठ-दहा लिटर दूध घालतो, आणि त्याच दुधाच्या बिलातून पोरगा डबा आणतो.

आता गेल्या काही दिवसांत उलटी लाट आली आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून काही पोरांनी डबा बंद केला आणि थेट म्हशीखाली तांब्या लावायला सुरुवात केली. 'कच्चं दूध म्हणजे खरं प्रोटीन, उकळलं की सगळं मरतं,' असं त्यांचं म्हणणं. पावडर सोडून दुधाकडे वळले हे माझ्या मते चांगलंच झालं. पण कच्चं पिण्याच्या हट्टाबाबत सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण त्यात पैशाचा नाही तर तब्येतीचा प्रश्न आहे.

पावडर येते कुठून?

डब्यावर 'व्हे' असं लिहिलेलं असतं. हे व्हे म्हणजे दुधाचंच पाणी. चीज करताना दूध फाडतात, घट्ट भाग वेगळा होतो आणि खाली हिरवट-पिवळं पाणी उरतं. परदेशातल्या मोठ्या चीज कारखान्यांत हे पाणी पूर्वी टाकून द्यायचे किंवा डुकरांना पाजायचे. पुढे ते बारीक गाळणीतून गाळून, गरम हवेत फवारून वाळवायचं तंत्र आलं आणि त्याची पावडर झाली. म्हणजे पावडर काही औषध नाही, ती दुधाचाच एक तुकडा आहे. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. डब्यात हा २० टक्क्यांचा वाटा एकवटलेला असतो. तो पचायला हलका आणि लवकर अंगी लागणारा, हे खरं आहे. पण उरलेलं ८० टक्केही प्रथिनच आहे, ते सावकाश पचतं एवढाच फरक.

डब्याची दुसरी अडचण भरवशाची. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीचं विष, म्हणजे अफलाटॉक्सिन सापडलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं आहे.

पैशाचा हिशेब

एका चमच्यात, म्हणजे ३० ग्रॅम पावडरीत, साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात असं धरू. किलोच्या डब्यात मग ७९०-८०० ग्रॅम झाली. डबा २८०० रुपयांना पडला तर एका ग्रॅमला साडेतीन रुपये.

म्हशीच्या एका लिटर दुधात ३६ ते ४३ ग्रॅम प्रथिनं असतात. आपण ३८ धरू. दूध ६५ रुपये लिटर धरलं तर ग्रॅमला एक रुपया सत्तर पैसे. गाईच्या लिटरभर दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास. आणि दुधात प्रथिनांबरोबर कॅल्शियम, स्निग्धांश, साखर असं सगळंच येतं. स्वतःची म्हैस असेल तर डेअरीच्या बिलातून एक लिटर कमी झालं, एवढाच खर्च. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर आकडे बदलून घ्या, डबा निम्म्याने तरी महागच निघेल.

खरं स्वस्त प्रथिन तर आपण पोत्यात भरून बाजार समितीत नेतो. सोयाबीनमध्ये किलोला ३६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ४५ रुपये किलो भाव धरला तर ग्रॅमला बारा-तेरा पैसे! फक्त सोयाबीन कच्चं खायचं नाही, भिजवून नीट शिजवायचं किंवा चांगलं भाजायचं. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो.

किती लागतं तेही बघू. साध्या माणसाला वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६५ किलोच्या पोराला ५४ ग्रॅम. रोज पळणाऱ्या, वजन उचलणाऱ्याला किलोला १.४ ग्रॅमपासून पुढे लागतात, म्हणजे ९१ ग्रॅम आणि वर. लिटरभर म्हशीच्या दुधाचे ३८, ज्वारीच्या चार भाकरीचे २४, वाटीभर घट्ट उसळीचे १२, दोन अंड्यांचे १२ आणि मूठभर शेंगदाण्यांचे १०. झाले ९६. अंडी न खाणाऱ्याने एक वाटी उसळ वाढवावी. डबा कुठेच लागला नाही.

एक इशारा मात्र. म्हशीच्या लिटरभर दुधात ६५-७० ग्रॅम स्निग्धांश असतो आणि एकूण साडेनऊशे ते हजार कॅलरी. शेकड्याने जोर-बैठका मारणारा पैलवान ते जिरवतो. अर्धा तास जिम आणि दिवसभर मोटरसायकलवर फिरणाऱ्याचं पोटच वाढणार. त्याने साय काढलेलं दूध किंवा ताक घ्यावं. दुधाने पोट फुगत असेल, ढाळ लागत असेल तर दुधातली साखर पचत नाही असं समजा. अशांना दही-ताक बहुतेक वेळा सोसतं.

'पैलवान तर कच्चंच प्यायचे की!'

हा प्रश्न कोल्हापूर भागात येणारच. गंगावेशचा दूध कट्टा सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि फेसाळता ग्लास हातात येतो. तालमीतल्या मल्लांच्या खुराकात बदाम-थंडाईबरोबर धारोष्ण दूध पिढ्यान् पिढ्या आहे. आमच्याकडचे जुने वस्ताद आजही त्याबद्दल अभिमानाने बोलतात, आणि तो अभिमान खोटा नाही.

पण धारोष्ण दुधाची किंमत कशामुळे होती, हे नीट बघा. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात भरवसा मोठा होता. डोळ्यासमोर धार काढलेल्या दुधात पाणी नाही, पावडर नाही, शिळेपणा नाही. दुसरं म्हणजे ते दोन-पाच मिनिटांत पोटात जायचं. आजचा पोरगा काय करतो? पहाटे पाचला धार काढतो, प्लास्टिकच्या बाटलीत भरतो, मैदानावर नेतो आणि आठला पितो. काढलेलं दूध साधारण ३७-३८ अंशांचं असतं. जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. कोमट दुधात त्यांची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते, तर तीन तासांत काय होईल याचा अंदाज करा. कास धुतली नसेल, हात शेणाचे असतील, बाटलीच्या बुडाला कालचं दूध राहिलं असेल तर सुरुवातच मोठ्या आकड्यापासून होते. त्यातून जुलाब, उलट्या, ताप. परीक्षेच्या आठवड्यात हे झालं तर वर्षाची मेहनत गेली.

बरं, ताजं प्यायलं तरी सगळा धोका जात नाही. काही रोग जनावराच्या अंगातूनच दुधात उतरतात. जनावरांचा क्षय त्यातला एक. दुसरा आपल्या गोठ्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा, तो म्हणजे ब्रुसेलोसिस, ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. जनावर वरून धडधाकट दिसतं, दूधही देतं. पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते, वार अडकते, एवढीच काय ती खूण. पुढच्या वेताला कदाचित नीट वितेही, पण जंतू दुधातून जात राहू शकतात.

माणसाला हा रोग झाला तर चढ-उतार करणारा ताप येतो, रात्री दरदरून घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात, थकवा जात नाही. पुरुषांत अंडकोषाला सूजही येते. बऱ्याचदा टायफॉईड समजून उपचार चालतात, ताप उतरतो आणि पुन्हा येतो. नेमकं निदान झालं तरी गोळ्या किमान सहा आठवडे घ्याव्या लागतात. पळणाऱ्या पोराच्या दृष्टीने सहा आठवडे म्हणजे काय, हे सांगायला नको. असा लांबलेला ताप असेल तर डॉक्टरांना 'घरी जनावरं आहेत, कच्चं दूध पितो' हे आपणहून सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

उकळल्याने नेमकं काय जातं?

प्रथिन जात नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, त्याचा आकार बदलतो, पण ज्या घटकांपासून स्नायू बनतात ते तसेच राहतात. पोटातलं आम्लही तेच काम करतं. अंडं उकडल्यावर त्यातलं प्रथिन नाहीसं होत नाही, तसंच हे. शिवाय ज्या पावडरीला पोरं कच्च्या दुधाच्या बरोबरीचं मानतात, तीसुद्धा तापवलेल्या दुधापासूनच येते. कॅल्शियम उकळून कुठे जात नाही. थोडी घट होते ती क जीवनसत्त्वात आणि ब गटातल्या काहींमध्ये. क जीवनसत्त्व दुधात मुळातच नावापुरतं असतं, ते एका पेरूतून भरून निघतं. वर आलेल्या सायीत स्निग्धांशाबरोबर थोडं प्रथिनही अडकतं, तेव्हा बारीक अंगाच्या पोराने साय टाकू नये.

डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवून लगेच गार करतात, तेवढ्यात वर सांगितलेले रोगजंतू मरतात. घरी एवढं मोजत बसायची गरज नाही. ढवळत एक उकळी आणा, वर आलं की गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं ठेवा, मग झाकून गार करा. तासभर आटवत ठेवू नका, त्याने मात्र दुधाचा कस थोडा कमी होतो.

पनीरच्या पाण्याबद्दलही बरेच जण विचारतात. घरी लिंबू पिळून पनीर केलं तर उकळीमुळे व्हेचा बराच भाग पनीरलाच चिकटतो, खालच्या पाण्यात फारसं प्रथिन उरत नाही. भाजीत, कणकेत घाला, वाया घालवू नका, पण ती घरची प्रोटीन पावडर नव्हे.

गोठ्याकडे बघा

काही गोष्टी उकळूनही जात नाहीत. कासेला दगडी झाली म्हणून जनावराला इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडली, तर औषधाचा अंश काही दिवस दुधात येत राहतो. किती दिवस, ते औषधाच्या वेष्टनावर असतं आणि डॉक्टरही सांगतात. तेवढे दिवस ते दूध घरातही नको आणि डेअरीतही नको. बुरशी आलेली पेंड, काळा पडलेला मका जनावराला घातला तर त्यातलं अफलाटॉक्सिन वेगळ्या रूपात दुधात उतरतं. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६४३२ नमुने तपासले होते, त्यात ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पावडरीच्या डब्यात जे विष सापडलं तेच आपल्या चरवीतही येऊ शकतं, म्हणून पावसाळ्यात पेंडीची पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा.

ब्रुसेलोसिसची लस ४ ते ८ महिन्यांच्या वासरी आणि रेडीला आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. नर वासरांना ती देत नाहीत. गोठ्यात त्या वयाची रेडी असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवून ठेवा, आठवा महिना उलटला की संधी गेली. एखादी म्हैस उशिरा गाभडली तर पडलेला गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. डॉक्टरांना सांगून रक्ताचा नमुना तपासणीला पाठवा. निकाल येईपर्यंत तिची धार सगळ्यात शेवटी काढा, दूध वेगळ्या भांड्यात ठेवा आणि ते डेअरीला घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.