पार्क जवळ आहे, पण केवढं?

रिसर्च प्रपोजल लिहिताना बहुतेक जण 'डेटा कुठून आणू?' इथेच अडकतात. खरं तर त्याआधी एक प्रश्न असतो : आपण नक्की मोजणार काय? हे समजायला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरावरचा, क्रिस्टोफर बून आणि सहकाऱ्यांचा 2009 चा पेपर मला फार आवडतो.

त्यांचा प्रश्न साधा होता. शहरातली सार्वजनिक पार्क्स कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रहिवाशांच्या वाट्याला कशी आली आहेत? तुम्ही गृहीतक काय मांडाल? कृष्णवर्णीय वस्त्यांपासून पार्क लांब असणार, हेच ना? निघालं उलटंच. 400 मीटरच्या आत, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर पार्क असलेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये जास्त होतं.

आता तोच नकाशा घ्या आणि पार्कांची संख्या सोडून एकर मोजा. चालत जाता येईल अशी पार्कची जमीन गोऱ्यांच्या वाट्याला जास्त येते! म्हणजे एखादा अधिकारी पहिला आकडा दाखवून 'आमच्याकडे असमानता नाहीच' म्हणाला, तर तो खोटं बोलत नसेल. फक्त निधी चुकीच्या ठिकाणी जाईल.

बून यांच्या टीमने मग प्रत्येक पार्कचं 'सेवाक्षेत्र' आखलं. ज्यांना ते पार्क सगळ्यात जवळचं, ते सगळे त्याच्या क्षेत्रात. (थीसन पॉलिगॉन जीआयएसच्या तासाला केले असतील, तेच हे.) त्यातली लोकसंख्या आणि पार्कचा आकार यांवरून संभाव्य गर्दी कळते. झाडाखाली चार माणसं बसणार की चाळीस, हा फरक 400 मीटरच्या वर्तुळात दिसत नाही.

पण पेपरचा खरा जीव पुढे आहे. हे असं झालं कसं? 1910 मध्ये बाल्टिमोरने कायदाच केला : गोऱ्यांचं बहुमत असलेल्या ब्लॉकमध्ये कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही, आणि उलटही. पुढे असे कायदे कोर्टात टिकले नाहीत, पण वेगळं ठेवण्याच्या पद्धती राहिल्या. ड्रुइड हिल पार्कमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळा जलतरण तलाव होता, गोऱ्यांच्या तलावापेक्षा बराच लहान. तिथल्या टेनिस कोर्टवर 1948 मध्ये दोन्ही वर्णांचे लोक एकत्र खेळायला उतरले, तर पोलिसांनी त्यांना अटक केली. नंतर गोरी कुटुंबं उपनगरांकडे गेली आणि पार्कजवळच्या जुन्या वस्त्यांत कृष्णवर्णीय राहायला आले. आज दिसणारी ती 'जवळीक' बरीचशी अशी आली आहे. नुसत्या रिग्रेशनमधून हे कधीच कळलं नसतं.

आता एक काम करा. ड्रुइड हिलच्या कडेने विसाव्या शतकात रुंद, अनेक पदरी रस्ते झाले. समोरच्या घरातून पार्क हाकेच्या अंतरावर दिसतं, पण लहान पोराचा हात धरून तो रस्ता ओलांडायचाय. हे तुम्ही कुठल्या व्हेरिएबलमध्ये बसवाल, ते कागदावर लिहून बघा.