निळा पडदा, पिवळी अक्षरं

जळगाव किंवा धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून वीसेक वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माणूस आज हिंजवडीत असो की अमेरिकेत, त्याच्यासमोर ‘ऑल्ट-एफ फाइव्ह’ एवढंच म्हणून बघा. त्याची बोटं टेबलावर आपसूक हलतात. बांभोरीचं एसएसबीटी, धुळ्याचं एसएसव्हीपीएस, १९९६ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, २००१चं शिरपूरचं आर. सी. पटेल किंवा दोन्ही शहरांतली पॉलिटेक्निकं, कुठेही शिकला असला तरी त्याची पहिली प्रयोगशाळा एकच होती. तिचं नाव टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहून तिथेच चालवून बघायचं अवजार.

निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. रुंदीला ऐंशी अक्षरं, उंचीला पंचवीस ओळी. वर फाइल, एडिट, सर्च, रन अशी मेन्यूची पट्टी आणि तळाला कोणतं बटण काय करतं त्याची यादी. फाइलला नाव दिलं नाही तर ती स्वतःच ‘नोनेम झिरो झिरो डॉट सीपीपी’ असं नाव घेऊन बसायची. एफ टू म्हणजे सेव्ह, ऑल्ट-एफ नाइन म्हणजे कंपाइल, कंट्रोल-एफ नाइन म्हणजे रन. उत्तर क्षणभर चमकून गायब झालं की ऑल्ट-एफ फाइव्ह दाबून ते बघायचं, नाहीतर प्रोग्रॅमच्या शेवटी ‘गेटच’ लिहून पडदा थोपवून धरायचा. एवढं आलं की अवजार आलं.

हे अवजार अमेरिकेत बोरलँड कंपनीने घडवलं. १९८३ साली फिलिप कान यांच्या या कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणलं. त्याचा कंपाइलर डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिला होता. तोवर छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा एका ठिकाणी, कंपाइलर वेगळा, लिंकर वेगळा, आणि मध्ये फ्लॉप्यांची अदलाबदल, असा कारभार असे. टर्बोने सगळं एका पडद्यावर आणलं, आणि किंमत ठेवली पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. त्या काळात कंपाइलरसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. १९८७ मध्ये टर्बो सी आलं, १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्याची तिसरी आवृत्ती. खानदेशच्या लॅबमध्ये ठाण मांडून बसली ती हीच.

योगायोग असा की उत्तर महाराष्ट्र विद्यापीठही १९९०चंच. तोवर आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आज बहिणाबाईंचं नाव लावणारं हे विद्यापीठ आणि टर्बो सी प्लस प्लस एकाच वर्षी जन्मली, आणि खानदेशातल्या प्रोग्रॅमरांची एक अख्खी पिढी या दोघांच्या मध्ये वाढली.

सेमिकोलन विसरण्याचा धडा प्रत्येकाने इथेच घेतला. समजा, सातव्या ओळीच्या शेवटी सेमिकोलन राहिला. ऑल्ट-एफ नाइन दाबलं की खाली खिडकी उघडायची, ‘स्टेटमेंट मिसिंग’ आणि पुढे ते टिंबाखालचं स्वल्पविरामाचं चिन्ह. पण कर्सर उभा असायचा आठव्या ओळीवर! पहिल्या प्रॅक्टिकलला पोरं ती आठवी ओळ दहादा वाचायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मग कुणीतरी सांगायचं, वरची ओळ बघ. वाक्य संपलं नाही हे कंपाइलरला पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही. तो कसा वाचतो हे त्या एका चुकीतून जेवढं पक्कं कळलं, तेवढं पुस्तकातून क्वचितच कळलं असेल.

वरणगाव, चोपडा, साक्री, शिरपूरकडून आलेल्या बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. प्रॅक्टिकलचे दोन तास आणि एका मशिनवर दोघं-तिघं. त्यामुळे प्रोग्रॅम आधी वहीत उतरायचा. पेन्सिलीने चौकटी आखून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत ओळीगणिक लिहायची, याला ड्राय रन म्हणत. मशिनसमोर बसेपर्यंत प्रोग्रॅम डोक्यात पूर्ण चाललेला असे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ झेरॉक्स होऊन हातोहात फिरायचं, आणि ते नसेल तेव्हा मदतीला खुद्द टर्बोच असायचं. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ वन दाबलं की त्या फंक्शनची माहिती आणि बहुधा एक अख्खा चालता नमुना प्रोग्रॅम समोर यायचा. तो उचलून आपल्या फाइलमध्ये टाकायचा, एखादी ओळ बदलायची आणि काय होतं ते बघायचं. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये हेच ग्रंथालय होतं.

एफ टूची सवय मात्र भारनियमनाने लावली. २००५नंतरची काही वर्षं आठवा. एप्रिलचं ऊन, लॅबमध्ये गरगरणारे पंखे, आणि अचानक सगळे पडदे एकदम काळे. ‘लाईट गयी रे भो!’ अशी आरोळी उठायची आणि पाठोपाठ, ज्याने सेव्ह केलं नव्हतं त्याचा सुस्कारा. तेव्हापासून दर दोन ओळींनी एफ टू दाबणारी माणसं आज आपोआप सेव्ह होणाऱ्या एडिटरमध्येही सेव्ह दाबत असतात.

ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल ही तर मेजवानीच. ‘इनिटग्राफ’ला बीजीआय फोल्डरचा पत्ता बरोबर दिला की काळ्या पडद्यावर वर्तुळ उमटायचं. पत्ता चुकला की ‘ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड’. सोळा रंगांत रेषा, मग झोपडी, मग डावीकडून उजवीकडे सरकणारी मोटार. ब्रेसनहॅमचा अल्गोरिदम परीक्षेपुरता घोकलेल्यांनाही मोटार सरकली तेव्हा त्यातलं गणित दिसलं.

एवढं प्रेम असूनही स्पष्ट सांगायला हवं की टर्बो सीला आपण अभ्यासक्रमात फार वर्षं धरून ठेवलं, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. हा सोळा बिटांचा कंपाइलर. त्यातला इंटिजर ३२७६७पर्यंत जातो आणि एक मिळवला की उणे ३२७६८ होतो. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ साली, त्यामुळे टर्बोने शिकवलेली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ची भाषा त्याच्याआधीची. पोरगं पुण्याला लिनक्सवर बसलं की ‘कोनिओ डॉट एच’ सापडत नाही आणि क्लियरस्क्रीन चालत नाही. चार वर्षं शिकलेलं खोटं होतं की काय, असं त्याला वाटायचं. पुढे ६४ बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं, तेव्हा डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये टर्बो बसवून शिकवणं सुरू राहिलं. भाषा शिकवण्यासाठी हे बरोबर नव्हतं.

मग या पिढीला हुरहुर वाटते ती कशाची? माझ्या मते, पूर्ण माहीत असलेल्या अवजाराची. टर्बोच्या मेन्यूत कुठे काय आहे हे महिन्याभरात पाठ व्हायचं, आणि ते पुढची दहा वर्षं तिथेच असायचं. आजचा एडिटर दर महिन्याला बदलतो, ओळ पूर्ण व्हायच्या आत पुढची सुचवतो, आणि नव्या मुलाला कळत नाही की आपण काय लिहिलं आणि त्याने काय लिहिलं. ही हुरहुर खानदेशापुरती नाही. १९९१मध्ये ब्रॅम मोलेनार यांनी प्रसिद्ध केलेला व्हिम हा एडिटर आजही जगभरचे पट्टीचे प्रोग्रॅमर वापरतात. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या डॉसच्या एडिटरची आठवण ठेवून ‘एडिट’ नावाचा चिमुकला एडिटर आणला. आणि टर्बो पास्कलवाल्या हेल्सबर्गनीच पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये टाइपस्क्रिप्ट ही भाषा रचली, जिच्यात आजचा व्हीएस कोड हा एडिटर लिहिलेला आहे. म्हणजे निळ्या पडद्याचा वंश तुटलेला नाही.

म्हणून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांना एक विनंती. टर्बो सी आता लॅबमधून काढा. त्याच्या जागी जीसीसीचा आजचा कंपाइलर द्या, पण पहिल्या सत्रात सोबत एडिटर मात्र साधाच द्या, जिनी किंवा नॅनोसारखा, सूचना बंद करून. वहीतला ड्राय रन परत आणा. आणि सेमिकोलन राहिला तर लगेच सांगू नका, पोराला वरची ओळ स्वतः शोधू द्या.